आ करा

शटर अजून कमरेइतकंच वर गेलंय आणि पायरीवर चपलांचे नऊ जोड जमले आहेत. त्यातल्या पाचांना बांधीचा चिखल लागलेला, वाळून पांढरा पडलेला. कार्तिक लागलाय. हलकं धान कापून कडपा पडल्या आहेत, भारी धान उभं आहे. अशा हंगामात तुमसरच्या दातांच्या दवाखान्यात सकाळी साडेनऊला नऊ माणसं येऊन बसतात, याचा अर्थ नऊही जणांची रात्र बसून गेली आहे.

आठ म्हणा. नववी माझी मामी. तिची रात्र छान गेली, कारण दुखण्यासारखं तिच्या तोंडात काही उरलेलंच नाही. शेवटचा दात गेल्या रोवणीत गेला. आज तिची बत्तीसी मिळणार. आमच्याकडे कवळीला बत्तीसी म्हणतात, मग तिच्यात दात अठ्ठावीस का असेनात. मापं, मेणाचा चावा, मेणात दात बसवून पाहणं असं करत ही तिची पाचवी खेप. प्रत्येक वेळी गाडीवर मागे बसायची आणि तुमसर येईपर्यंत पदराचं टोक ओठांवर दाबून धरायची. आत्ताही ती तशीच बसली आहे. वर्ष-दीड वर्षात पदर तिथं राहायलाच गेलाय.

आम्ही आंबागडहून आलो. बाहेरच्यांना आंबागड म्हटलं की किल्ला आठवतो. देवगडच्या बख्त बुलंदच्या काळात, 1700 च्या सुमारास, त्याचा अधिकारी राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा कैदखाना केला, आणि आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून कैदी संपवत असं गावात सांगतात. इंग्रजांच्या गॅझेटियरातही ती हकीगत आली आहे. गावातला माणूस मात्र किल्ल्यावर क्वचित चढतो. त्याच्या चकरा तुमसरला: धान विकायला, बँकेत, कापडाला आणि दाढ अगदीच ऐकेनाशी झाली की इथं.

कंपाउंडर पोरगा शटर पुरतं वर ढकलतो आणि आतला वास बाहेर येतो. लवंगेचा. लहानपणी दाढ दुखली की आजी लवंग दाढेत धरायला लावायची, आणि इथं जस्ताच्या भुकटीत लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल कालवून दाढ तात्पुरती बंद करतात. वास एकच. फरक एवढा, की आजीची लवंग किडीच्या भोकावर बसायची, आणि इथं भोक आधी साफ होतं.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर दोन बाकं, राइस मिलचं कॅलेंडर, उभा चिरलेल्या दाढेचं मोठं चित्र. आत खुर्ची. मध्ये पडदा आहे, पण तो गुडघ्याच्या खाली येत नाही. त्यामुळे बाकावर बसलेल्याला आतल्या माणसाचं तोंड कधी दिसत नाही, दिसतात ते पाय. आणि ऐकू सगळं येतं.

पहिले पाय साठीतल्या शेतकऱ्याचे. टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याची नखं काळी. खुर्ची मागे झुकते तसे ते पाय वर येतात आणि एकमेकांना धरून बसतात.

"आ करा काका."

"काढूनच टाका म्याडम. किडा लागला हाये."

"किडा नसते जी काका दातात."

"असा कसा नसते? मागच्या महिन्यात तीन काढलन ना एका बाईनं. वाटीत दाखवलन पन."

बाकावरच्या दोघी मान डोलावतात. ती बाई त्यांच्याही गावात येऊन गेली असणार. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, धूर नळीने तोंडात घ्यायला लावायचा आणि वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक 'किडे' तरंगताना दाखवायचे. ही कला जुनी आहे. उष्णतेने उकललेल्या बीमधला कोंब हुबेहूब अळीसारखा दिसतो. डॉक्टर मॅडम त्या बाईला नावं ठेवत नाहीत. दाताला चिकटून राहिलेल्या गोडावर आणि पिठुळावर डोळ्यांना न दिसणारे जंतू जगतात, त्यांच्या आंबटाने दात विरघळत जातो, असं त्या सांगतात. काका ऐकून घेतात.

"मंग काढा."

"काढायची नाही. वाचते ही दाढ. आतली नस साफ करू, भरू, वर टोपी बसवू."

"किती?"

आकडा येतो. नस साफ करण्याचे वेगळे, टोपीचे वेगळे. पायांची पकड सुटते, पुन्हा बसते. या क्षणी काय होणार हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काढण्याचे पैसे त्याच्या एक दशांश आहेत. दाढ वाचवणं महाग आणि घालवणं स्वस्त, त्यामुळे चाळिशीनंतर आपल्या गावांतली माणसं एकेक दाढ विकल्यासारखी घालवतात आणि पुढच्या दातांनी कसंबसं चावतात. मामीचंही असंच झालं.

पण मॅडम इथल्या आहेत. त्या विचारतात, "धान मोजून झालं का?"

"केंद्रावर नेला नाही अजून."

"मग नस आज साफ करून घ्या. ठणका थांबेल. टोपी चुकारा आल्यावर."

चुकारा म्हणजे सरकारी खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचे पैसे. ते कधी येतील हे ज्योतिषी सांगू शकत नाही. कंपाउंडर रजिस्टर उघडतो तेव्हा मी मान लांब करून पाहतो: तारखेच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी तारीख नाहीच. 'चुकाऱ्यानंतर', 'चुकारा', एका ठिकाणी 'बोनस'. नस काढलेली दाढ आतून कोरलेली आणि कमजोर असते, टोपीशिवाय फार दिवस चावलं तर उभी तडकते. म्हणजे खरेदी केंद्राची रांग लांबली की तुमसर तालुक्यात दाढा फुटतात. यावर कोणी प्रबंध लिहिलेला नाही, पण हे रजिस्टर तयार आहे.

सुन्न करायची सुई जाते. दोन्ही अंगठे ताठ वर उठतात, दहा सेकंदं तसेच राहतात आणि हळूहळू खाली येतात.

त्यानंतरचे दोन झटपट होतात. डोंगरी बुजरुगच्या मँगनीज खाणीतले एक गृहस्थ दात साफ करून घेतात आणि दहा मिनिटांत निघतात. एका शिक्षकांची टोपी घासून बसते. त्यांचे पाय शेवटपर्यंत बुटात आहेत, त्यांतून काही कळत नाही.

मग सून आणि सासू. सून पाच महिन्यांची गरोदर, उजवा गाल इतका सुजलेला की डोळा अर्धा मिटलाय. पडद्याआड दोन जोड पाय जातात: एक खुर्चीवर, जोडव्यांचे, आणि एक खुर्चीला अगदी चिकटून उभे.

"कधीपासून दुखते?"

"तीन दिवस झाले," सासू.

"रात्री जास्त होते?"

"मंग! झोपली नाही. मले पन झोपू नाही देल्लन."

"गरम लागलं की थंड?"

"दोन्ही लागते."

"आजी, दाढ तिची आहे ना? तिला बोलू द्या."

बाकावर कोणी हसत नाही. बाकावरच्या बायका खाली पाहतात. आत थोडा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग सुजलेल्या तोंडातून, शब्द अर्धे गिळत, "पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. तीन नव्हे. बारा दिवस तिने घरात सांगितलंच नव्हतं. कापणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते.

सासू आता बचावाला येते. पोटात लेकरू असताना दाताला हात लावू नये, सुई देऊ नये, फोटो काढू नये असं तिनं ऐकलंय. चुकीच्या माणसाकडून ऐकलंय, पण काळजीपोटीच. मॅडम तिला नीट सांगतात: चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सगळ्यात बरा, सुन्न करायची साधी सुई चालते, आणि हा पू असाच साठू दिला तर त्याचाच धोका लेकराला. फोटो लागला तरी एका दाताचा, गळ्यापासून पोटापर्यंत शिशाचा जड एप्रन घालून, डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतो. रोंटगेनने 1895 च्या अखेरीला क्ष-किरण शोधले आणि 1896 उजाडताच जर्मनीत ऑटो वालकॉफने स्वतःच्या दाढांचा फोटो काढून घेतला, तेव्हा 25 मिनिटं तसंच पडून राहावं लागलं होतं. मी हे शेजारच्या शिक्षकांना सांगायला वळतो, तर ते केव्हाच गेलेत. मामी म्हणते, "कोनाले सांगतस बाबू?"

पू वाहता केला जातो. जोडव्यांची बोटं आखडतात, इतकी की तळव्याला वळ पडावेत. सासूचे पाय एक पाऊल मागे जातात, थबकतात आणि परत खुर्चीला चिकटतात. बाहेर येताना सुनेच्या हातात कापसाचा बोळा आणि सासूच्या हातात गोळ्यांचा कागद. "रोजी येजो माय, म्या आनीन," सासू तिला म्हणते, आणि पायरीवर सुनेची चप्पल स्वतःच्या पायाने सरळ करते.

त्यानंतर सात वर्षांची मुलगी. ती आ करत नाही. कशालाच नाही. आरसा दाखवतात, खुर्ची वर-खाली करून दाखवतात, हवेची फुंकर तळहातावर मारतात, तरी ओठ घट्ट. तिचे वडील पडद्याच्या या बाजूला उभे राहून आतल्या मॅडमशी वाद घालतायत. दुधाचा दात आहे, पडणारच आहे, कायले भरता? मॅडम आतून सांगतात की पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण ही मागची दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत राहायची आहे. तोवर पोरीने काय एका बाजूनेच जेवायचं? आणि ही आधीच काढली तर बाजूच्या दाढा सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा राहत नाही.

वडील गप्प होतात. मुलगीच बोलते: "माया दात कवेलूवर फेकाचा आहे."

"मग? फेक ना."

"घर स्लॅबचा केला. दात खाली येते."

खरंच, हा पेच मोठा आहे. पडलेला दात कौलांवर फेकायचा, उंदराने तो न्यायचा आणि त्याच्यासारखा बारीक, पक्का दात आणून द्यायचा, हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आला. घरकुलाचा हप्ता मिळाला, कवेलू गेले, आता उंदराशी संपर्क कुठून साधायचा? मॅडम तोडगा काढतात: दवाखान्यामागे जुनं घर आहे, त्यावर कवेलू आहेत, पडला की इथं आणून दे. करार पटतो. ओठ उघडतात. एक इंच. तेवढ्यात मॅडमचा आरसा आत जातो आणि लगेच "आई गं!" येतं, ते मॅडमचं. पोरगी चावली.

आणि मग तो येतो.

बावीस वर्षांचा असेल. मिलवर पोती उचलतो, खांदे तसेच आहेत. सोबत कोणी नाही. बाकावर बसताना त्याने मोबाईल काढला नाही हे मला आधीच खटकलं होतं. खुर्ची मागे जाते आणि त्याचे पाय दिसतात: सरळ, सैल, एकमेकांपासून लांब. बोटं आखडत नाहीत. त्याला दुखतच नाही.

"काय होते?"

"तिखट नाही चालत मॅडम. भाजी तोंडात घेतली का आग होते."

"अजून?"

थोडा वेळ जातो.

"पानीपुरी नाही जात."

बाकावर हसू फुटतं. मीही हसतो. आत कोणी हसत नाही.

"मंडईत भाचीले फुगा घेतला," तो सांगत राहतो, "तं फुगवता नाही आला. गाल फुगतच नाही."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, फुगेवाले येतात. बावीस वर्षांच्या हमालाला फुगा फुगवता येत नाही.

"तीन बोटं उभी कर. अशी. आता तोंडात घाल. जेवढी जातील तेवढी."

बाकावरचं हसू थांबलेलं आहे. कंपाउंडर पोरगा रजिस्टरवरून हात उचलतो आणि हळूच आपली तीन बोटं आपल्या तोंडात घालून पाहतो. त्याच्या शेजारचा पाहतो. मुलीचे वडील पाठ वळवून पाहतात. मीही घालतो. जातात. तर्जनी, मधलं, अनामिका, उभी, एकावर एक. आपण किती वर्षांत हे करून पाहिलं नाही! मामी आम्हा सगळ्यांकडे पाहते आणि पदराआडून म्हणते, "मायी तं मूठ जाईन."

आतून आवाज येतो, "दोनच."

मग पट्टी. "चोवीस मिलिमीटर. चाळीसच्या आसपास पाहिजे. खर्रा किती?"

"पाच-सा."

"खरं सांग."

"दहा होते कधी कधी."

खर्रा हा आमच्या विदर्भाचा स्वतःचा पदार्थ. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून घोटून द्यायचा. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित सुपारी-तंबाखूवरही आली. पाकिटं काउंटरखाली गेली आणि घोटणारे हात वाढले. आपण तंबाखूला दोष देतो आणि तो द्यायलाच हवा, पण या पोराचं तोंड बांधलंय ते मुख्यतः सुपारीने. तिच्यातल्या द्रव्यांनी गालाच्या आतली मऊ त्वचा घट्ट धाग्यांनी भरत जाते, ती पांढरी पडते, चामड्यासारखी होते, जबडा मिटत जातो. 1952 साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टराने हा आजार पाहून लिहिला, आणि पुढच्याच वर्षी भारतातून डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं. डॉक्टरी नाव सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केलं. आपल्या देवघरात, लग्नात, पानसुपारीच्या तबकात ती आहे, तिच्याबद्दल असं काही ऐकून घ्यायची आपली तयारी नसते.

"खिशात आहे?"

खिशातून पुडी निघते. ट्रेवर ठेवल्याचा बारीक आवाज. कंपाउंडर आत जातो आणि विचारतो, "मॅडम, पिवळ्या पिशवीत टाकू का लाल?" दवाखान्याच्या कचऱ्याचे रंग ठरलेले आहेत: रक्ताचा कापूस, काढलेले दात पिवळ्यात, वापरलेलं प्लास्टिक लाल पिशवीत. खर्रा कशात, हे नियमात नाही.

"राहू दे तिथंच. त्याला पाहू दे."

"मॅडम, लग्न जुळला हाये," तो म्हणतो. "वैशाखात. तवपर्यंत उघडन का?"

मला वाटतं, आता त्या धीर देणारं काहीतरी बोलतील. त्या खरं बोलतात. "आज सोडलास आणि व्यायाम केलास तर आहे त्याहून थोडं उघडेल. आग कमी होईल. पहिल्यासारखं नाही होणार. नाही सोडलंस तर वैशाखात वरणभातसुद्धा चमच्याने."

व्यायाम म्हणजे आइसक्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून पुढच्या दातांत धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि आठवड्याला एक वाढवायची. कंपाउंडर रबर लावलेला जुडगा नेऊन देतो. आतून मोजल्याचा आवाज येतो. अकरा बसतात. बारावी अडते.

"आणि हा डाव्या गालात चट्टा आहे. नागपूरला दाखवायचा."

"तुकडोजीले?"

पाय. इतका वेळ सैल पडलेले पाय. दाही बोटं एकदम आत वळतात. आमच्या भागात नुसतं 'तुकडोजी' म्हटलं की राष्ट्रसंतांचं भजन नव्हे, त्यांच्या नावाचं नागपुरातलं कर्करोग रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. 'त्याले तुकडोजीले नेला' या वाक्यानंतर गावात कोणी पुढचं विचारत नाही.

"नाही रे बाबा. शासकीय डेंटल कॉलेजला. मी तिथंच शिकले. बारीक तुकडा काढून तपासतील, बस. सगळ्यांचं तसं होत नाही."

त्या म्हणतात ते बरोबर आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या 66 जणांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं होतं. 1985 साली ते निष्कर्ष छापून आले, त्यांतल्या पाच जणांना कर्करोग झाला होता. 66 तले पाच. खुर्चीत झोपलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटावा की मोठा, मला ठरवता येत नाही.

तो बाहेर येतो. चिठ्ठी खिशात, जिथं पुडी होती तिथं. काड्यांचा जुडगा हातात. पायरीवर चपला घालताना तो समोरच्या पानठेल्याकडे पाहतो. ठेलेवाला ओळखीचं हसून हात वर करतो. पोरगा काही वेळ तसाच उभा राहतो, मग उलट्या बाजूने चालू लागतो. पुढच्या चौकात आणखी एक ठेला आहे, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

दुपारचा एक वाजत आलाय. "आंबागडच्या आजी," कंपाउंडर हाक मारतो. मला आत येऊ देतात, म्हणून या एका वेळी पाय नव्हे, तोंड पाहायला मिळतं.

मामी खुर्चीत बसते, पण पदर सोडत नाही. मॅडम वाट पाहतात. घाई करत नाहीत. इतक्या वर्षांत सकाळी उठून तिने धानाच्या तुसाची राख बोटावर घेऊन दात घासले, मग शेजारणीकडून छत्तीसगडकडचा गुडाखू शिकली. तंबाखू आणि गुळाची काळी लुकटी हिरड्यांना लावली की झणका बसतो, कामाला हुरूप येतो, भूकही मरते. पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, इथं हा. घासते म्हणायचं आणि नशा करायची, बायकांना त्याहून मोकळीक कुठे होती? हिरड्यांनी दात सोडले. हलायला लागलेला दात ती दोरा बांधून स्वतःच काढायची, नातवंडांना पाठवून देऊन.

"आ करा आजी."

पदर खाली येतो. वरची बसते, मग खालची. मामीचा चेहरा एका क्षणात भरून येतो, नाकाखालची घडी उलगडते, आणि माझ्यासमोर माझ्या लहानपणीची मामी बसलेली असते. मॅडम आरसा देतात. ती आरशात पाहत नाही. डोळे मिटून जिभेने एकेक दात चाचपते, अनोळखी घरात अंधारात भिंत चाचपावी तशी.

"मोठ्ठे वाटते."

"वाटणारच. दातांत निळा कागद धरा. टकटक करा. बस. आता बोला काही. साठपासून मोजा."

मोजायला लावायचं कारण आहे. 'स' आला की जीभ आणि वरचे दात यांतली फट कळते, जास्त असली की शीळ वाजते. झाडीबोलीत ण नाही आणि ळ नाही, डोळ्याचा डोरा आणि पाण्याचं पानी होतं, म्हणजे जिभेला टाळूवर तेवढं चढावं लागत नाही. मामीला ही कवळी सोपी जाईल, असं मी उगाच मनात म्हणतो.

"साठापासून मले नाही येत," मामी म्हणते. "पायल्या मोजू?"

"मोजा."

आणि मामी हात किंचित पुढे करून, जसं खळ्यात रास मोजताना करते तसं, मोजायला लागते. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. "लाभ. दोन. तीन. चार. पाच." सहाला शीळ वाजते. सातला पुन्हा वाजते. ती थांबते, दचकून मॅडमकडे पाहते. मॅडम कवळी काढतात, घासतात, परत बसवतात. "पुन्हा." लाभ, दोन, तीन. चौथ्या खेपेला सहा नीट निघतो.

सूचना मला सांगितल्या जातात, तिला नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची. पहिले काही दिवस भात, वरण, मऊ पोळी. घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी चावायचा, नाहीतर उलट बाजूने उचलते. टोचेल तिथं टोचेल, घरी कानसीने घासायची नाही. (हे हसून सांगितलं जातं, म्हणजे कोणीतरी घासलेली आहे.)

"फुटाने?" मामी विचारते.

"महिनाभर नाही."

"मंडई तं आठ दिवसात सरते."

मी पैसे द्यायला पुढे होतो. मामी माझा हात धरते. मामाने दिलेले दोन हप्ते झालेत, तिसरा तिचा ती देणार. कंपाउंडर रजिस्टरात तिच्या ओळीवर तारखेच्या रकान्यात लिहितो: चुकारा.

तुमसर सुटेपर्यंत ती गाडीवर मागे ताठ बसून आहे, तोंड मिटून. शहर संपतं, दोन्ही बाजूंना धान लागतं, समोर सातपुड्याची निळी रांग आणि तीत आमचा किल्ला दिसायला लागतो, तशी ती खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला लावते. मला वाटतं टोचलं. ती पाठ फिरवून दोन्ही कवळ्या काढते, बाटलीतल्या पाण्याने खळबळून रुमालात गुंडाळते आणि पदराच्या त्या टोकाला गाठ मारून बांधते.

"रस्ता खराब हाये," ती म्हणते. "पडली तं?"

मंगळवारी परत बोलावलंय, टोचेल तिथं घासून द्यायला.